डेव्हलपरांसाठीचा आमचा स्टार्टअप वाढवायला आधी विक्रीचा माणूस घ्यावा की जाहिरातीवर खर्च करावा?

आपल्या सहा जणांच्या कंपनीचे एपीआय (दोन प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलू देणारी जोडणी) तपासण्याचे साधन नऊशे डेव्हलपर मोफत वापरतात, पैसे मात्र अकराच जण देतात, म्हणून आपण हा प्रश्न विचारला आहे. माझे मत असे की सध्या दोन्ही करू नये. इतक्या ठामपणे सांगतो, कारण याच प्रश्नावर माझा आणि माझ्या भागीदाराचा दोन वर्षे वाद चालला आणि शेवटी आम्ही वेगळे झालो.

पुण्यात आम्ही वेबहुक, म्हणजे एका सॉफ्टवेअरमध्ये काही घडताच दुसऱ्याला आपोआप जाणारे संदेश, पोहोचवण्याची सेवा चालवत होतो. तिचे डॉक्युमेंटेशन मी स्वतः साध्या मजकुराच्या (मार्कडाउन) फायलींत लिहीत असे. भागीदाराला ती पाने दरिद्री वाटत, म्हणून त्याच्या आग्रहावरून आम्ही ती मार्केटिंगच्या वेबसाइटवर हलवली. पाने दिसायला खरोखरच देखणी झाली. त्यानंतरचे पाच आठवडे साइनअप पूर्वीइतकेच येत राहिले, पण ‘की’ (सेवा वापरण्यासाठी मिळणारा गुप्त कोड) घेऊन पहिली यशस्वी रिक्वेस्ट पाठवणारे निम्म्यावर आले आणि लॉगमध्ये ४०१ चा, म्हणजे ‘ओळख पटली नाही’ या उत्तराचा, खच पडू लागला. भागीदाराने त्याचा अर्थ असा लावला की येणारे लोक गंभीरच नाहीत, त्यांना ‘की’सुद्धा नीट टाकता येत नाही, तेव्हा फुकट्यांचा नाद सोडून थेट कंपन्यांची दारे ठोठावणारी दोन माणसे नेमावीत. ती नेमली, आणि दोघांचा मिळून पगार आमच्या महिन्याच्या उत्पन्नापेक्षा जास्त होता.

त्याच सुमारास मी बाणेरमधल्या एका ग्राहकाच्या ऑफिसात गेलो होतो. तिथे नुकत्याच रुजू झालेल्या एका मुलीकडे आमची सेवा जोडण्याचे काम होते. मी काही न बोलता तिच्या शेजारी बसलो. तिने आमच्या पानावरची कर्लची (टर्मिनलमधून रिक्वेस्ट पाठवणाऱ्या प्रोग्रॅमची) कमांड कॉपी केली, टर्मिनलमध्ये टाकली, आपली की भरली आणि एंटर दाबले. ‘कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट: बेअरर’, म्हणजे ‘बेअरर’ नावाचा सर्व्हर सापडत नाही, असे उत्तर आले. तिने पुन्हा तेच केले, पुन्हा तेच आले. मग ती हळूच म्हणाली, “सर, माझंच काहीतरी चुकत असेल.” मी स्क्रीनवर वाकून पाहिले तेव्हा उमगले की नव्या वेबसाइटच्या एडिटरने कमांडमधली सरळ अवतरणचिन्हे छपाईतल्यासारखी वळणदार करून टाकली होती. शेलला, म्हणजे टर्मिनलमधली कमांड वाचणाऱ्या प्रोग्रॅमला, ती अवतरणचिन्हे वाटतच नाहीत. त्यामुळे ऑथरायझेशनचा हेडर, म्हणजे रिक्वेस्टसोबत की नेणारी ओळ, जागेजागी तुटत होता, तिच्यातला ‘बेअरर’ हा शब्द सर्व्हरचे नाव समजला जात होता, आणि खरी रिक्वेस्ट कीशिवाय आमच्याकडे येऊन ४०१ घेऊन परत जात होती. ज्यांना आम्ही पाच आठवडे अगंभीर ठरवले, ते आम्ही लिहिलेलेच जसेच्या तसे टाकत होते. त्या मुलीने चूक स्वतःकडे घेतली, याचे मला आजही वाईट वाटते.

दुरुस्तीला एक तासही लागला नाही आणि पुढच्या पंधरवड्यात आकडा पूर्वपदावर आला. भागीदार तरीही म्हणाला की अवतरणचिन्हांवर कंपन्या वाढत नसतात.

वाढतात, असे माझे म्हणणे तेव्हाही होते. ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सेवा देणाऱ्या स्ट्राइपचे संस्थापक कॉलिसन बंधू सुरुवातीच्या काळात कोणी होकार दिला की लिंक पाठवून थांबत नसत. त्याच माणसाचा लॅपटॉप मागून तिथल्या तिथे स्ट्राइप बसवून देत. अभिनव अस्थाना यांचे एपीआय तपासण्याचे साधन पोस्टमन २०१२ मध्ये क्रोमचे एक एक्स्टेन्शन म्हणून लोकांपुढे आले, ते डेव्हलपरांनीच एकमेकांना दाखवत पसरवले, आणि कंपनी त्यानंतर, २०१४ मध्ये उभी राहिली. वेबसाइट वेगवेगळ्या ब्राउझरांत तपासण्याची सोय देणाऱ्या, मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेल्या ब्राउझरस्टॅकने तर २०१८ पर्यंत बाहेरचे भांडवलच घेतले नाही. आपल्या नऊशेपैकी किती जणांची पहिली रिक्वेस्ट पहिल्या दहा मिनिटांत यशस्वी होते, हे आपण मोजले आहे का? नसेल तर विक्रीचा माणूस काय विकणार, हे मला कळत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. वापरणारा डेव्हलपर आणि पैसे देणारी कंपनी हे दोघे वेगळे असतात, आणि भागीदाराचा तेवढा मुद्दा खरा होता. २०१३ मध्ये आलेले डॉकर (प्रोग्रॅम कुठल्याही मशीनवर तसाच चालावा म्हणून तो बांधून देणारे साधन) जगभर वापरले जात असतानाही त्या कंपनीला २०१९ मध्ये आपला एंटरप्राइझ व्यवसाय मिरँटिस या दुसऱ्या कंपनीला विकावा लागला, आणि २०२१ मध्ये डॉकरने २५० हून अधिक कर्मचारी किंवा १ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न असलेल्या कंपन्यांना डॉकर डेस्कटॉपसाठी पैसे भरणे बंधनकारक केले. तेव्हा एकट्या माणसाला मोफत आणि टीमला पैसे, ही रेघ आपण आजच आखा, आणि किंमत वेबसाइटवर उघड लिहा. ‘दरासाठी संपर्क साधा’ असे लिहिलेले पान बहुतेक डेव्हलपर तिथेच बंद करतात.

आपल्या हातात एकाच पगाराचे पैसे असतील तर डॉक्युमेंटेशन लिहिणारा, त्यातली प्रत्येक कमांड कोऱ्या मशीनवर स्वतः चालवून पाहणारा आणि सपोर्टच्या तिकिटांना त्याच दिवशी उत्तर देणारा माणूस घ्या. विक्रीचा माणूस, एखाद्या मोठ्या कंपनीचा खरेदी विभाग आपल्याला सुरक्षेची प्रश्नावली पाठवील, त्या आठवड्यात घ्या.