लोकांसाठी इतिहास लिहायचाय ना?

चि.,
अनेक आशीर्वाद.

इतिहासाची पदवी नाही, प्राध्यापकी नाही, मग लोकांसाठी इतिहास लिहायचा मला काय अधिकार, असं तू विचारलं आहेस. गोविंद सखाराम सरदेसाईंकडे बघ. ते बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या पदरी नोकरीला होते, राजपुत्रांना शिकवायचे. त्या अभ्यासातूनच १८९८ साली मुसलमानी रियासत हा इतिहासग्रंथ निघाला, १९०२ पासून मराठी रियासतीचे भाग येऊ लागले आणि लोक त्यांना रियासतकार म्हणू लागले.

पण यातून पदवी लागत नाही एवढंच उचलू नकोस. नाव झालं, निवृत्ती झाली, साठी उलटली, तरी हा माणूस पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडत बसला. त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड छापले गेले. त्या निवडीवर पुण्यातल्या संशोधकांनी कडक टीका केली, ती वाचायला हवीच. तरी मला त्यांचं मोठेपण दिसतं ते असं, की नवी साधनं हाती आली तशी त्यांनी रियासतीचे जुने भाग पुन्हा लिहायला घेतले. खपलेलं पुस्तक मोडून नव्याने लिहायला फार मोठं मन लागतं.

म्हणून आधी मोडी शीक आणि कालगणना हातात बसव. समज, एका पत्रावर ‘सन अर्बा सबैन मया व अलफ’ आहे. हे अरबी आकडे आहेत: चार, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे जुन्या मराठी कागदांतला शुहूर सन ११७४. हे वर्ष मृगाला बदलतं. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पत्र पावसाळ्यातलं असेल तर साल आलं १७७३. त्याच वर्षी ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. पत्र त्याआधीचं की नंतरचं? ‘छ’पुढचा चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्यातली तारीख, आणि महिना लावल्याशिवाय कळणार नाही. आणि रघुनाथरावांबद्दलचं एखादं साधं वाक्य खुनाआधीचं असेल तर त्याचा अर्थ एक, नंतरचं असेल तर भलताच. तुझ्या कथेतली सगळी उत्कंठा इथेच आहे रे, ती कल्पनेने घालावी लागत नाही.

‘ध’चा ‘मा’ची गोष्टही जरूर सांग, पण आख्यायिका म्हणून सांग. वाचकाला हा फरक समजतो. त्याला कमी लेखू नकोस.

शिवाय एक खमका वाचक जोड. सरदेसाईंना इतिहासकार जदुनाथ सरकार लाभले. बंगाली माणूस, पण मराठी कागद वाचणारा. दोघांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला. नुसती वाहवा करणारे मित्र या कामी येत नाहीत.

पहिलं प्रकरण मला पाठव, समासात प्रत्येक परिच्छेदाचा आधार लिहून. सुरुवात पानिपतापासून नको. तुमच्या भागातल्या एखाद्या वतनाच्या तंट्यापासून कर. असे महजर, म्हणजे गावसभेपुढच्या तंट्यांचे निकालपत्र, आणि निवाडे पुष्कळ छापलेले आहेत. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार तिथे साक्षीला उभे राहून आपलं म्हणणं मांडतात, आणि त्यांच्याबद्दल अजून फारच थोडं लिहिलं गेलंय.