कोकणातल्या वाडीत नव्याने राहायला जाताय? मग एवढंच बघा

अभिनंदन! वाडीत हापूस, चिकू, फणस लावायचे, शिवाय चार मांजरं पाळायची, म्हणजे घर भरलेलंच. पण पहिल्याच पावसात पन्नास कलमं लावायचा मोह आवरा. दहा लावा, पण जगवा.

कलम सरकारमान्य रोपवाटिकेतूनच घ्या. लावताना जोड (जिथे हापूसची काडी खालच्या रोपाला जोडलेली असते ती जागा) मातीत गाडू नका, आणि जोडाखालून फुटवे आले की लगेच खुडा. नाहीतर हापूस मरतो आणि रायवळ, म्हणजे खालचं गावठी आंब्याचं रोप, वाढतो. हापूसमध्ये दोन झाडांत 10 मीटर अंतर हवं. आज ते उजाड दिसेल, दिसू द्या. पहिली तीन-चार वर्षं मोहोर आला तर काढून टाका. जीवावर येतं, पण झाड आधी वाढायला हवं.

आता मांजरं. नवे लोक इथेच चुकतात.

- भाटी (मांजरी) पाच-सहा महिन्यांचीच गाभण राहू शकते. नसबंदी पुढे ढकलू नका, रेबीजची लसही द्या.
- उंदरांसाठी विष ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला की तेही दगावू शकतं.
- उंदीर मारावेत म्हणून मांजर उपाशी ठेवू नका, पोट भरलेलं मांजरही शिकार करतं. पोटभर घाला, तेही संध्याकाळी. म्हणजे दिवे लागणीला आपोआप घरी येतात. रात्री पडवीत कोंडा, बिबट्या फिरतो.

कलमाभोवतीच्या नव्या आळ्यातली भुसभुशीत माती मांजरांना उकरायला फार आवडते. वर काटेरी फांद्या पसरा.

छाटणी, फवारणी सध्या राहू द्या. जमीन कातळाची की मातीची, तेवढं कळवा. लावणीच्या खड्ड्यांचं मग बोलू.