खेळाच्या तासाला तो व्हरांड्यात का?

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे. नेहमीच्याच शाळेत पाचवीत जातो. खेळाच्या तासाला सर त्याला व्हरांड्यात बसवून सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या राखायला सांगतात. ‘पडला-बिडला तर जबाबदारी कोणाची?’ म्हणतात. घरी आला की अंगणात एकटाच पळत असतो. मी शाळेत आग्रह धरावा का?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, धराच. पण आधी डॉक्टरांना गाठा. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा काही दोष असतो. काहींच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. हृदय आणि मान दोन्ही तपासून काय चालेल, काय नको, हे लिहूनच घ्या. तोवर कोलांटउडी नको. मान दुखते म्हणाला, मान तिरकी धरू लागला किंवा चाल बदलली, तर खेळ थांबवून त्याच दिवशी दाखवा. सरांची भीती खोटी नाही. तिला उत्तर म्हणून ही चिठ्ठी हवी.

आता खेळाचं. मी अठ्ठावीस वर्षं विशेष शाळेत मैदानावर काढली. माझा एक विद्यार्थी पन्नास मीटर छान पळायचा आणि शेवटच्या रेघेपाशी येऊन गपकन उभा राहायचा. रोज. मी ओरडून थकलो. मग लक्षात आलं, प्रार्थनेच्या वेळी आम्हीच त्याला शिकवलं होतं, ‘रेघ आली की थांब.’ त्याचं काहीच चुकत नव्हतं. मी रेघेच्या पुढे पाच पावलांवर चेंडू घेऊन उभा राहिलो. चेंडू घ्यायला तो रेघ ओलांडून आला! शिट्टीनं तो कानांवर हात ठेवायचा, म्हणून सुरुवातीला रुमाल खाली करायचो.

तुमच्या मुलाचे सांधे सैल असतील तर लंगडीत तोल जाईल, ती मागाहून. विषामृतापासून सुरुवात करा. दोनच शब्द, पळणं भरपूर, आणि ‘अमृत’ देऊन गड्याला सोडवायचं काम त्याच्याकडे येतं. नियम सांगत बसू नका, एकदा खेळून दाखवा. आणि कृपा करून त्याला मुद्दाम जिंकवू नका. मुलांना ते कळतं.

स्पर्धेची हौस असेल तर स्पेशल ऑलिम्पिक्स भारतच्या जिल्ह्यातल्या लोकांकडे चौकशी करा. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना आठव्या वर्षापासून स्पर्धेत उतरता येतं. तिथली मला सर्वांत आवडणारी रीत म्हणजे आधी चाचणी फेरी घेतात आणि साधारण सारख्या वेगाच्या मुलांचे तीन ते आठ जणांचे गट पाडतात. त्यामुळे पोरगं खरोखर जिंकतं, खरोखर हरतं. ‘युनिफाइड’ प्रकारात तर नेहमीच्या वर्गातली मुलं त्याच संघात असतात. शाळेला हे जरूर सुचवा.

शाळेनं तरी नाहीच म्हटलं, तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधलं कलम १६ दाखवा. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेत अशा मुलांना खेळाची संधी इतरांच्या बरोबरीनं मिळावी, असं त्यात म्हटलं आहे. पण पहिल्या भेटीत कायदा काढू नका. डॉक्टरांची चिठ्ठी आणि मुलगा, दोघांना घेऊन जा. मैदानावर सरांसमोर चार मुलं बोलावून विषामृत मांडा, आणि पहिलं अमृत त्याला देऊ द्या.