वाचकांचे प्रश्न : कोणता कर्जरोखा घ्यावा?

प्रश्न : ट्रेझरी बिल, सरकारी रोखे, कमर्शियल पेपर, डिबेंचर ही शेवटी कर्जंच. मग व्याजदरांत एवढी तफावत का?

उत्तर : पैसे कोणाला, किती काळासाठी आणि कशाच्या भरवशावर दिले, यावर दर ठरतो. ट्रेझरी बिल सरकारचं आणि अल्प मुदतीचं. त्यावर वेगळं व्याज नसतं, ते दर्शनी किमतीपेक्षा कमी भावात विकलं जातं. १०० चं ९१ दिवसांचं बिल ९८.५० ला मिळालं, तर वार्षिक परतावा (१.५० ÷ ९८.५०) × (३६५ ÷ ९१), म्हणजे सुमारे ६.११ टक्के. भागायचं ते ९८.५० ने, १०० ने नव्हे. इथे पुष्कळजण चुकतात. कमर्शियल पेपरही असाच सवलतीत निघतो, पण तो कंपनीचा आणि बहुधा विनातारण. जुने पेपर फेडायला कंपन्या नवे काढतात. पत घसरली की नवे खपत नाहीत आणि गाडी तिथेच अडते. डिबेंचर म्हणजे कंपनीचा जास्त मुदतीचा कर्जरोखा. तो तारण असलेला की विनातारण, हे नावावरून कळत नाही, तारणाचं कलम वाचा.

प्रश्न : सरकारी रोखा बुडत नाही म्हणतात. मग माझ्या रोख्याचा भाव का उतरला?

उत्तर : बुडणं वेगळं, भाव उतरणं वेगळं. १००० चा, ७ टक्क्यांचा, १० वर्षांचा रोखा धरा. व्याज वर्षातून एकदा. बाजारातला दर ८ टक्के झाला की त्याचा भाव सुमारे ९३३ वर येतो, कारण नवा रोखा ८ देत असताना जुना ७ वाला कोणी पूर्ण किमतीला घेत नाही. मुदत एकच वर्ष उरली असेल तर तोच भाव ९९०.७४. शून्य कूपन रोख्याला, म्हणजे मध्ये व्याज न देता सवलतीत विकल्या जाणाऱ्या रोख्याला, जास्त मार बसतो : १००० च्या, १० वर्षांच्या अशा रोख्याचा भाव ५०८ वरून ४६३ वर, म्हणजे जवळपास ९ टक्के खाली, कारण त्याचे सगळे पैसे शेवटीच मिळतात. मुदतपूर्तीपर्यंत थांबणार असाल तर ही घसरण कागदावरची. मध्येच विकावं लागलं तर ती खरी. म्हणून पैसे केव्हा लागणार हे आधी ठरवा, रोखा मग निवडा. तरत्या, म्हणजे बाजाराप्रमाणे बदलणाऱ्या दराच्या रोख्यावर हा परिणाम फार थोडा, पण दर उतरले की तुमचं व्याजही उतरतं.

प्रश्न : कंपनी बुडाली तर आधी कोणाला पैसे मिळतात?

उत्तर : साधारण क्रम असा : तारण असलेले रोखे, मग विनातारण, मग दुय्यम रोखे (इतर कर्जांनंतर फेडायचे, असं आधीच मान्य केलेले), शेवटी भागधारक. तारण आहे एवढ्यावर समाधान मानू नका. ते पहिल्या हक्काचं की दुसऱ्या, आणि त्याची किंमत कर्जाच्या किती पट, ते पाहा. बँकांच्या एटी-१ रोख्यांत, म्हणजे बँक अडचणीत आली तर रद्द करता येणाऱ्या रोख्यांत, तर हा क्रमही हमखास नसतो. मार्च २०२३ मध्ये क्रेडिट स्विस या स्विस बँकेचे सुमारे १६ अब्ज स्विस फ्रँकचे असे रोखे नियामकाच्या आदेशाने शून्यावर आणले गेले, भागधारकांना मात्र यूबीएस बँकेतल्या विलीनीकरणात तिचे शेअर मिळाले. जादा दोन टक्के व्याजापोटी आपण कोणती अट मान्य करतोय, ते कळत नसेल तर या वाटेला जाऊ नये, हे आमचं स्पष्ट मत.

प्रश्न : ९ टक्क्यांचा, १००० दर्शनी किमतीचा रोखा १०५० ला मिळतोय. घ्यावा का?

उत्तर : आधी ‘कॉल’ची, म्हणजे कंपनी मुदतीआधी रोखा परत घेऊ शकते ती, तारीख शोधा. कंपनीला वर्षभराने १००० देऊन रोखा परत घेता येत असेल, तर तुमच्या हाती येतात ९० अधिक १०००, म्हणजे १०९०. गुंतवले १०५०. परतावा ३.८ टक्के, ९ नव्हे! बाजारातले दर उतरले की कंपनी हा हक्क वापरणार, हे गृहीतच धरा. कॉलपर्यंतचा आणि मुदतपूर्तीपर्यंतचा, असे दोन्ही परतावे काढा आणि कमी असेल तो खरा माना. शिवाय सांगितलेल्या भावात साचलेलं व्याज बहुधा नसतं. मागचं व्याज मिळून ७३ दिवस झाले असतील तर ९० × ७३ ÷ ३६५, म्हणजे १८ वर द्यावे लागतील. पुढच्या हप्त्यात ते वसूल होतात.

प्रश्न : परिवर्तनीय रोखे?

उत्तर : व्याज कमी, बदल्यात ठरल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क. शेअरचा भाव त्या पातळीच्या फार खाली असेल तर हातात उरतो तो फक्त कमी व्याजाचा रोखा. तेव्हा त्याची तुलना त्याच कंपनीच्या साध्या रोख्याशी करा.