डंप काढून डिफ, की पेड टूल?

प्रश्न: आमच्याकडे मायएसक्यूएल डेटाबेसचे दोन सर्व्हर आहेत, लाइव्ह ५.७ वर आणि टेस्टिंग ८.० वर. स्कीमा (टेबलांची रचना) सारखा आहे का बघायला मायएसक्यूएलडंप या कमांडने डेटा सोडून नुसतं स्ट्रक्चर काढून दोन फायली डिफ केल्या, म्हणजे ओळ न् ओळ ताडून पाहिल्या, तर जवळपास प्रत्येक टेबलात फरक! सीनियर म्हणतात सरळ पेड टूल घे. घेऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: एवढ्यात खिशात हात घालू नका, कारण त्या फरकांतला बराचसा नुसता कचरा असणार. ८.०.१९ पासून सर्व्हर इंट (पूर्णांकाचा कॉलम) याच्या पुढचा कंसातला ११ दाखवतच नाही, त्यामुळे जुन्या-नव्या व्हर्जनमध्ये प्रत्येक इंट कॉलम वेगळा दिसतो, प्रत्यक्षात काही फरक नसतो. शिवाय ऑटो-इन्क्रिमेंटचा (आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाचा) पुढचा आकडा टेबलाच्या व्याख्येतच छापून येतो आणि तो दोन सर्व्हरवर सारखा असेलच कशाला? हे दोन्ही सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडने उडवा, डंप काढताना स्किप-कॉमेंट्स हा ऑप्शन लावा म्हणजे होस्टचं नाव, तारीख वगैरेही जाईल, मग परत डिफ करून बघा. आणि हो, नो-डेटा (नुसतं स्ट्रक्चर काढणारा ऑप्शन) सोबत रूटीन्स आणि इव्हेंट्स हे ऑप्शन स्वतः द्यावे लागतात, ट्रिगर (टेबलात बदल झाला की चालणारा कोड) आपोआप येतात पण स्टोअर्ड प्रोसीजर (सर्व्हरवर साठवलेला कोड) येत नाहीत, म्हणजे डिफ कोरा आला तरी प्रोसीजर वेगळ्या असू शकतात.

कॅरेक्टर सेटचा (अक्षरं कशी साठवायची त्याच्या पद्धतीचा) फरक दिसला तर तो मात्र सेडने उडवू नका बरं का. काही न सांगता बनवलेलं टेबल ५.७ मध्ये डिफॉल्टने लॅटिन१ होतं आणि ८.० मध्ये यूटीएफ८एमबी४, आणि लॅटिन१ च्या कॉलममध्ये मराठी नाव टाकलं की एकतर एरर नाहीतर प्रश्नचिन्हांची रांग.

आता टूलचं. डीबीफोर्ज स्कीमा कम्पेअरसारखी टूल्स असला कचरा बरीच गाळू देतात आणि मुख्य म्हणजे ऑल्टरची (टेबलाची रचना बदलणाऱ्या कमांडची) स्क्रिप्ट बनवून देतात, जे डिफला जमत नाही. पण कॉलमचं नाव बदललंय हे टूलला कळेलच असं नाही, ते जुना ड्रॉप करून नवा ॲड करा असं लिहून मोकळं होतं आणि त्यातला डेटा गेला. वर मायएसक्यूएलमध्ये ऑल्टर चालला की तिथेच कमिट (कायम) होतो, स्क्रिप्ट अर्ध्यात अडकली तर रोलबॅक नाही, म्हणजे झालेले बदल मागे घेता येत नाहीत. महिन्यातून एकदा तुलना करायची असेल तर माझ्या मते डंप पुरतो. दर आठवड्याला रिलीज असेल तर टूल घ्या, पण स्क्रिप्ट ओळ न् ओळ वाचून आणि लाइव्हचा पूर्ण बॅकअप काढूनच चालवा.