स्टिअरिंगचा सेन्सर बदलण्याआधी हे तपासा

प्रश्न : व्हील अलाइनमेंट करून आणल्यापासून गाडी पाच-सात मिनिटं चालवली की डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा लागतो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित डावीकडे राहतं. स्कॅनरवर ‘सी ००५१’ हा कोड आला. गॅरेजमध्ये स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर बदलायला सांगतात. बदलू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : इतक्यात अजिबात नको. तुमच्या वर्णनावरून सेन्सर शाबूत असावा, त्याचा शून्य बिंदू सरकलेला दिसतो.

हा सेन्सर स्टिअरिंग किती अंश वळलंय एवढंच ईएसपीला, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेला, कळवतो. ईएसपी ती माहिती चारही चाकांच्या वेगाशी आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय याच्याशी ताडून पाहते. अलाइनमेंट करताना स्टिअरिंग वाकडं राहिलं, तर गाडी सरळ धावत असताना सेन्सर मात्र ‘८ अंश डावीकडे’ असं सांगत राहतो. थोडं अंतर कापल्यावर मेळ बसत नाही हे ईएसपीच्या लक्षात येतं आणि ती स्वतःला बंद करून दिवा लावते. दिवा लगेच न लागता पाच-सात मिनिटांनी लागतो, तो यामुळेच.

‘सी ००५१’ म्हणजे स्टिअरिंगच्या स्थितीचा संदेश विश्वासार्ह नाही. सेन्सर मेला, असा त्याचा अर्थ होत नाही. काही गाड्यांत कोडला शेपटी असते. ती ५४ असेल तर अर्थ सरळ आहे : कॅलिब्रेशन, म्हणजे शून्य कुठे हे सेन्सरला शिकवणं, झालेलं नाही.

आता एबीएस-ईएसपी मॉड्यूल (ब्रेक आणि घसरण सांभाळणारा गाडीतला छोटा संगणक) उघडणारा स्कॅनर लावून लाइव्ह डेटामध्ये स्टिअरिंगचा कोन बघा. स्वस्तातलं ब्लूटूथ यंत्र बहुधा इंजिनाचेच कोड दाखवतं, ते इथे चालणार नाही. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. टोकापासून टोकापर्यंत साधारण तीन फेरे होत असतील तर मध्यापासून दोन्हीकडे पाचशेच्या आसपास अंश दिसायला हवेत. एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. आकडा सलग बदलतो पण चाकं सरळ असताना शून्यावर येत नाही, तर फक्त शून्य सरकलाय. दर वेळी एकाच जागी आकडा उडी मारतो किंवा गोठतो, तर मात्र सेन्सरच्या आत बिघाड आहे. बऱ्याच सेन्सरमध्ये एक मोठं दातेरी चाक दोन छोटी चाकं फिरवतं. छोट्या चाकांच्या दात्यांची संख्या वेगळी असते आणि त्यांवरच्या चुंबकांच्या स्थितीवरून नेमका कोन काढला जातो. प्लास्टिकचा एक दाता झिजला तरी त्या जागी आकडा हुकतो. असा सेन्सर बदलावाच लागतो.

तुमच्या गाडीत आधी चारही टायरची हवा कंपनीने सांगितल्याप्रमाणे भरा. मग स्टिअरिंग क्लॅम्पने सरळ जखडून अलाइनमेंट पुन्हा करून घ्या. एका बाजूचा टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारी दांडी) जितका आखूड होईल तितकाच दुसऱ्या बाजूचा लांब व्हायला हवा. स्टिअरिंग काढून एक दाता सरकवून बसवण्याचा सोपा मार्ग कुणी सुचवला तर ठाम नकार द्या. त्याने स्टिअरिंग डोळ्यांना सरळ दिसेल, पण रॅकचा (चाकं वळवणाऱ्या दातेरी दांडीचा) आणि क्लॉक स्प्रिंगचा (स्टिअरिंगमागच्या गुंडाळलेल्या केबलचा) मध्य हुकेल. शेवटी सपाट जागी, चाकं सरळ, बॅटरी १२.४ व्होल्टच्या वर असताना स्कॅनरने शून्य कॅलिब्रेशन करा आणि कोड पुसा. काही गाड्या स्कॅनरशिवाय, स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन थोडं सरळ चालवल्यावर स्वतःच शिकतात. तुमची त्यातली आहे का, ते मॅन्युअलमध्ये मिळेल.

प्रश्न : हॉर्न कधी वाजतो, कधी नाही. स्टिअरिंगवरची बटणं बंद पडलीत आणि एअरबॅगचा दिवाही लागलाय.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तिन्ही एकदम म्हणजे संशय क्लॉक स्प्रिंगवर. स्टिअरिंगमागे गुंडाळलेली ही चपटी पट्टी-केबल तुटत आली की अशी लक्षणं दिसतात. दिवा लागलेला असताना अपघातात एअरबॅग उघडेल याची खात्री नाही, म्हणून हे काम लांबवू नका.

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. तो दिलेला नसेल तर किमान पाच मिनिटं. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला मल्टीमीटर लावू नका, मीटरच्या किरकोळ करंटनेही ती फुटू शकते. काढलेली एअरबॅग कव्हरची बाजू वर करून ठेवा. चाकं सरळ ठेवा आणि क्लॉक स्प्रिंग निघालेली असताना स्टिअरिंग कॉलम फिरू देऊ नका. नवीन क्लॉक स्प्रिंग मध्यावर पिनने अडकवलेली येते, ती पिन बसवल्यावरच काढा. आधीच निघाली असेल तर अलगद एका टोकाला नेऊन, मॅन्युअलमध्ये सांगितलेले फेरे मागे फिरवून बाणखुणा जुळवा. मध्य चुकला तर पहिल्याच पूर्ण वळणावर पट्टी तुटू शकते. अनेक गाड्यांत कोनाचा सेन्सर याच जोडणीत असतो, तेव्हा नंतर कॅलिब्रेशन हवंच. भंगारातला जुना भाग इथे वापरू नये.

प्रश्न : पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी होती. आता ‘यू ०१२६’ कोड येतो.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : हा कोड स्टिअरिंगच्या कोनाच्या सेन्सरशी संपर्क तुटल्याचा आहे. पहिला फ्यूज बघा, दुसरा उंदीर. डॅशबोर्डखाली लेंड्या किंवा कुरतडलेलं इन्सुलेशन दिसतं का, टॉर्चने पाहा. इग्निशन चालू असताना सेन्सरच्या कनेक्टरवर बॅटरीइतका व्होल्टेज मिळतो का आणि अर्थिंग नीट आहे का, तपासा. मग बॅटरी काढून कॅनच्या (ज्यावरून गाडीतले मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या लाइनच्या) दोन तारांमधला रोध मोजा : ६० ओहमच्या आसपास हवा. १२० आला तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आला तर तारा एकमेकींना चिकटल्यात. स्कॅनर जोडतात त्या पोर्टच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनवरही हे मोजता येतं, मात्र गेटवे (पोर्ट आणि आतल्या लाइनमधला मध्यस्थ मॉड्यूल) असलेल्या गाडीत तिथून आतली लाइन दिसत नाही. तुटलेली तार सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी चढवा आणि दोन्ही तारांचा पीळ पूर्वीसारखाच ठेवा. नुसती टेप गुंडाळली तर दमट हवेत सांध्याला गंज धरतो आणि पुढच्या पावसाळ्यात तोच कोड परत येतो.