गळ टाकण्यापूर्वी : लार्जमाउथ बासविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : थंडी ओसरताना क्रँकबेट (ओढला की थरथरत खाली बुडणारा नकली मासा) ओढतो. बास (गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा शिकारी मासा) मागे येतो, पण तोंड न लावताच परत फिरतो. चार रंग बदलून झाले. काय चुकतंय?

उत्तर : रंग नाही, वेग चुकतोय. माशाचं शरीर पाण्याइतकंच गार असतं. पाणी १० अंश सेल्सिअसच्या आसपास असताना तो लांबवर पाठलाग करण्यात ताकद घालवत नाही. क्रँकबेट बाजूला ठेवा आणि पाण्यात मध्येच तरंगत राहणारा सस्पेंडिंग जर्कबेट (झटके देऊन चालवायचा लांबट नकली मासा) लावा. दोन हलके झटके द्या, लाइन सैल सोडा आणि पाच ते दहा सेकंद हात हलवू नका. मासा बहुतेक वेळा याच थांब्यात लागतो. धक्का जाणवेलच असं नाही, लाइन नुसतीच बाजूला सरकते, म्हणून नजर लाइनवर हवी.

गार पाणी थोडं जड असतं, त्यामुळे एरवी जागीच राहणारा जर्कबेट थंडीत वर येऊ लागतो. काठाशी टाकून बघा. वर येत असेल तर पुढच्या गळाच्या दांड्यावर शिशाच्या तारेचे एक-दोन वेढे द्या. पाणी १३-१४ अंशांवर गेलं की लिपलेस क्रँकबेट (तोंडाशी पट्टी नसलेला) पाणवनस्पतींच्या शेंड्यांवरून ओढा. अडकला तर हिसका देऊन सोडवा. सुटतो त्याच क्षणी बास झडप घालतो.

प्रश्न : उथळ पाण्यात घरट्यावर बसलेला बास दिसतो. त्याला गळ टाकावा का?

उत्तर : आमचं मत, टाकू नये. साधारण १६ ते २० अंशांत अंडी घातली जातात आणि राखणीला नर थांबतो. तो उचलला की आसपासचे लहान मासे अंड्यांवर तुटून पडतात. काही ठिकाणी या काळात मासेमारीला बंदीच असते, तेव्हा स्थानिक नियम आधी बघा. चुकून लागलाच तर तिथल्या तिथे सोडा, फोटोसाठी थांबवू नका.

प्रश्न : उन्हाळ्यात टेक्सस रिग (लाइनवर शिसं आणि टोक किड्यात लपवलेला गळ) वापरतो. रबरी किडा पाण्यात गरगर फिरतो, लाइनला पीळ पडतो आणि हिसका दिला तरी मासा सुटतो.

उत्तर : दोन्ही दुखण्यांचं मूळ किडा गळावर चढवण्यात आहे. १८ सेंटिमीटरच्या किड्याला ४/० मापाचा ऑफसेट गळ (दांड्याला वरच्या बाजूला वळण असलेला) आणि ५ ते ७ ग्रॅमचं गोळीच्या आकाराचं शिसं पुरे. शिशाचं निमुळतं टोक काठीकडे ठेवून लाइन ओवा आणि गळ बांधा. गळाचं टोक किड्याच्या डोक्यात बरोबर मध्यभागी अर्धा सेंटिमीटर घुसवून बाजूने बाहेर काढा. मग डोकं गळाच्या वरच्या वळणावर बसेपर्यंत ओढा आणि गळ अर्धा फिरवा. आता किडा नुसता लोंबू द्या. गळाचा खालचा बाक जिथे टेकतो तिथे नखाने खूण करा आणि तिथूनच टोक सरळ आरपार घाला. खूण सोडून खाली टोचलं तर किडा गोळा होतो, वर टोचलं तर ताणला जातो. दोन्ही वेळा तो वाकडा बसतो आणि वाकडा किडा फिरणारच. स्विव्हल (लाइनमधली फिरती कडी) लावून हे दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही. शेवटी बाहेर आलेलं टोक किड्याच्या सालीत जेमतेम लपवा.

मासा सुटण्याचं कारण म्हणजे टोकाला आधी रबर भेदायचं असतं. काठीचा शेंडा खाली न्या, ढील गुंडाळून घ्या आणि मगच वर जोरात हिसका द्या. लवचिक काठी इथे नुसती वाकते, ताठ हवी.

पहाटे वनस्पतींच्या कडेला आणि उन्हं चढल्यावर चार-सहा मीटरवरच्या उतारावर टाका. आणखी खोल गेलं की मासा मिळतोच असं नाही : उन्हाळ्यात खोल तलावातले थर वेगळे होतात आणि तळच्या गार थरात प्राणवायू कमी पडतो.

प्रश्न : पानांवरून रबरी बेडूक ओढताना पाणी उसळतं, पण गळ रिकामा येतो.

उत्तर : उसळी दिसताच हिसका देता, म्हणून. माशाचं वजन हाताला लागू द्या, सेकंद-दीड सेकंद तरी. लाइन जाड ब्रेडेडच (धागे विणून केलेली) हवी. फ्लुरोकार्बनची लाइन पाण्यात बुडते आणि बेडकाचं नाक खाली ओढते.

प्रश्न : पानगळीनंतर काय लावावं?

उत्तर : पाणी निवू लागलं की छोट्या माशांचे थवे तलावाच्या उथळ फाट्यांत शिरतात, बास त्यांच्या मागे. त्या माशांएवढाच स्पिनरबेट (फिरत्या चकचकीत पात्याचं आमिष) लावा. फार मोठा नको. कडाक्याच्या थंडीत १५-२० ग्रॅमचा धातूचा स्पून (चमच्यासारखं चकाकतं आमिष) सरळ खाली सोडा, फूटभर उचला आणि पडू द्या. पडतानाच लागतो. दहा मीटरपेक्षा खोलातून काढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते, त्यामुळे सोडल्यावर तो उलटा तरंगतो. सोडूनच द्यायचा असेल तर इतक्या खोलात गळ नकोच.